जादा नमदा

पोस्टाच्या रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाईच्या हातातला कागदी पेला कलंडला आणि ती दोन्ही हात तोंडावर नेऊन म्हणाली, "अगं बाई! आजी, भाजलं ना हो?" मी म्हटलं, "कुणाला?" ती माझ्या पायाकडे बघत होती, म्हणून मीही बघितलं. डाव्या चपलेच्या पट्ट्यांमधून चहा ठिबकत होता. पावलाची वरची बाजू ओली होऊन लाल होत चालली होती. त्यातून वाफ निघत होती असं मला अजून वाटतं, पण ती वाफ बहुधा मी मागाहून घातली असेल. पाऊल माझंच होतं. करंगळीचं वाकडं नख ओळखीचं, घोट्याजवळचा तीळ ओळखीचा. पण ते मला काही सांगत नव्हतं. ती बाई खाली बसून रुमालाने पुसायला लागली, सारखी माफी मागत होती, आणि मी तिला "असू दे, असू दे, काही झालं नाही" म्हणत होते. म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं, खरंच काही झालं नव्हतं.

दुखणं होतं, ते तर वर्षभर होतं. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाने सुरू होऊन नडगीवरून खाली पावलापर्यंत, कुणी तापलेली सळई सावकाश ओढत न्यावी तसं. कधी मुंग्या, कधी आग, कधी नुसता ठणका. शिवाय अलीकडे अंगठा सतरंजीच्या कडेला अडकायचा. मी स्वतःला वेंधळी म्हणायचे, आणि हे म्हणायचे, "सतरंजीने तुझं काय घोडं मारलंय?" पायाचं दुखणं म्हणजे पाठ, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. एका डॉक्टरने पाठीचा फोटो काढला, आणि या वयात पाठीच्या फोटोत काही ना काही सापडायचंच, तसं सापडलं. कमरेला शेक दिले, कमरेचे व्यायाम झाले, चार महिने मी पालथी पडून छाती उचलत होते आणि पाय आपला जळतच होता. दुखत होतं तोवर मला भीती नव्हती. दुखणं म्हणजे पलीकडे कुणीतरी बोलतंय. त्या दिवशी पोस्टात पहिल्यांदा पलीकडे शांतता ऐकली. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसलेली बाई मी. शांतता किती प्रकारची असते ते मला कळतं. माणूस गप्प असतो ती वेगळी, आणि तार मेलेली असते ती वेगळी.

एक्स्चेंजच्या लांब खोलीत आम्ही अठरा जणी ओळीने उंच खुर्च्यांवर बसायचो, समोर बोर्ड, बोर्डावर दिवे, हातात दोऱ्या. या भोकातून काढायची, त्या भोकात घालायची. आमच्या वरच्या मोठ्या बाई पाठीमागून फेऱ्या मारत. कुणा गिऱ्हाइकाची घरचा फोन बंद असल्याची तक्रार आली की नवी मुलगी लगेच त्या घरचा पत्ता लिहून दुरुस्तीवाल्याकडे पाठवायची. मोठ्या बाई तो कागद परत तिच्या पुढ्यात ठेवायच्या. "फोन घरात वाजत नाही म्हणून बिघाड घरात असतो काय गं? आधी वाटेतले खांब बघायला सांग." हे वाक्य मी पुढे स्वतः मोठी बाई झाल्यावर किती मुलींना ऐकवलं असेल, आणि स्वतःच्या पायाची तक्रार आल्यावर मात्र वर्षभर पत्ता चुकीचाच लिहीत राहिले.

नव्या डॉक्टरणीकडे लेकीने नेलं. डॉक्टरीण एवढीशी, माझ्या नातीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. तिने पाठीचा फोटो पाहिलाही नाही. मला टेबलावर बसवून म्हणाली, "आजी, पाऊल वर उचला. नाही, गुडघा नको, पाऊल. बोटं आपल्या नाकाकडे." उजवं आलं. डावं मी उचलत होते, अगदी मनापासून उचलत होते, आणि ते ओल्या टॉवेलसारखं लोंबत होतं. मग तिचं लक्ष गुडघ्याकडे गेलं. तिथे पट्टा होता. तो तिथे असायचाच, मला तो काढायचं सुचलंही नव्हतं. तिने दोन्ही बक्कलं सोडली, पट्टा बाजूला ठेवला. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला, जिथे हाडाचा एक लहानसा उंचवटा हाताला लागतो, तिथे कातडीवर बक्कलाएवढा तपकिरी डाग होता. तिथे तिने बोटाने टकटक केलं. हलकेच, दार वाजवावं तसं. आणि माझ्या पावलात वीज उतरली. मेलेल्या, चहाने न भाजलेल्या त्या पावलात, थेट अंगठ्याच्या टोकापर्यंत. मी ओरडलेच. लेक उठून उभी राहिली. डॉक्टरीण मात्र खूश दिसली. वाटेतला खांब सापडला होता.

नंतर शेजारच्या खोलीत यंत्राच्या तारा लावून पायाला बारीक बारीक झटके देऊन पाहिले, पडद्यावर रेघा उठत होत्या. घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत निरोप नीट जात होता, त्या उंचवट्याला वळसा घालताना मात्र अर्धा गळून जात होता. "नस तिथे हाडावरून जाते, वर नुसती कातडी," डॉक्टरीण म्हणाली. "मध्ये तुम्ही आजारी होतात, वजन उतरलं, होती नव्हती ती चरबी गेली. त्यात हा पट्टा. किती वेळ बांधता?" "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत." "कुणी दिला?" मी पट्टा उचलून पिशवीत घातला. लेकीने माझ्याकडे बघितलं. "ज्याने दिला त्याला परत करा," डॉक्टरीण हसत म्हणाली, मग हसणं थांबवून म्हणाली, "आजी, नीट ऐका. पट्टा आजपासून बंद. पाय पायावर टाकून बसणं बंद. व्यायाम सांगते तो रोज. तीन महिने बघू. नस दबलेलीच राहिली तर हे पाऊल कायमचं असं लोंबेल. ऑपरेशन करून मोकळी करता येते, पण त्यालाही उशीर झाला तर उपयोग नाही." बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "बाबांना मी सांगू?" मी म्हटलं, "खबरदार."

तो पट्टा यांनी केला होता. यांचं आयुष्य कातड्यात गेलं. बॅगा, ट्रंकांच्या मुठी, घड्याळाचे पट्टे, प्रवासी पेट्या. स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आठ फुटांचं दुकान. माझी आणि यांची गाठ पडली तीच मुळी पट्ट्यापायी. तेव्हा आम्हा मुलींच्या छातीवर बोलण्याचं यंत्र असायचं, गळ्यातून घातलेल्या पट्ट्याला टांगलेलं, आणि आठ तासांनी तो पट्टा मानेत असा रुतायचा की रात्री उशी सोसवत नसे. मानेवर घट्टा घेऊन फिरणाऱ्या मुली म्हणजे एक्स्चेंजच्या मुली, असं गावाला ठाऊक होतं. मी एका सकाळी तो पट्टा घेऊन दुकानात गेले. यांनी पट्टा बघितला नाही. म्हणाले, "मान दाखवा." मी चिडलेच. "पट्टा दुरुस्त करायचाय, मान नाही." तर हे शांतपणे म्हणाले, "पट्ट्याला काय होतंय? दुखतंय कुणाला?" दुसऱ्या दिवशी पट्टा आतून नमदा लावून तयार होता, लोकर दाबून केलेला राखी रंगाचा जाड मऊ नमदा, कडा दाबून, टाका कुठेही कातडीला न लागेल असा आत घेतलेला. घातला आणि मला यंत्र गळ्यात आहे हेच कळेना. पुढच्या आठवड्यात सतरा जणी आपापले पट्टे घेऊन दुकानासमोर उभ्या. यांच्या आई नंतर म्हणायच्या, आमच्या पोराने सगळं एक्स्चेंज तपासलं आणि पहिलीच पसंत केली. नंतर उभ्या आयुष्यात यांनी केलेली वस्तू मला कधी रुतली नाही. चप्पल नाही, पर्स नाही, लेकीला पाठुंगळी बांधायची झोळी नाही. बोलून रुतवायचे, ते वेगळं.

दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली. डोळे गेले म्हणून आधी बारीक काम सुटलं, मग उजवा हात थरथरायला लागला म्हणून जाडं कामही सुटलं. हत्यारं घरी आणून खिडकीजवळच्या टेबलावर मांडली, आणि हे त्यांच्याशेजारी बसून बाहेर बघायला लागले. हत्यारांना तेल द्यायचे, बस. दोन वर्षांपूर्वी जिना उतरताना माझा गुडघा धरायला लागला. मी औषधाच्या दुकानातून ताणली जाणारी पिशवीसारखी टोपी आणली गुडघ्याची, ती यांनी दोन बोटांत धरून बघितली आणि म्हणाले, "ही काय थेरं? मोजा कापून विकलाय तुला." मग फीत काढली. माझ्या गुडघ्याभोवती तीनदा फीत फिरवली, तीनदा आकडे मोठ्याने म्हणाले, कारण लिहून घेतलं तर वाचता येणार नव्हतं. सतरा दिवस लागले. आधीच्या काळी सकाळी घेतलं असतं तर दुपारी दिलं असतं. कातडं टोचायची आरी बोटात गेली, रक्त आलं, टाके उसवून पुन्हा घातले, मी स्वयंपाकघरातून बघत नाही असं दाखवत बघत होते. पट्टा झाला तेव्हा टेबलावर ठेवून म्हणाले, "हा शेवटचा." मी म्हटलं, "काहीतरीच बोलू नका." पण तो शेवटचाच होता, दोघांनाही ठाऊक होतं.

आणि तेव्हापासून रोज सकाळी चहा झाल्यावर हे बुटक्या स्टुलावर माझ्यासमोर बसायचे आणि पट्टा बांधायचे. वरचं बक्कल, मग खालचं. थरथरत्या हाताला बक्कलाची जीभ भोकात घालायला चार-चार मिनिटं लागायची. मी एका मिनिटात घातली असती. पण मी पाय पुढे करून बसायचे आणि पेपरातली बातमी वाचून दाखवायचे, आणि यांचं टक्कल माझ्या गुडघ्यापाशी असायचं, आणि घरात तेवढा वेळ कुणालाच कुठे जायचं नसायचं. आजारातून उठल्यावर पाय बारीक झाला, पट्टा घसरायला लागला, तेव्हा यांनी तिसरं भोक पाडलं. "आता बसेल." बसला. तिसऱ्या भोकाचा आवाज मला अजून ऐकू येतो, कट् करून.

आता मी यांना काय सांगायचं होतं? तुम्ही बांधता ना रोज, त्याने माझा पाय जातोय? मी नाही सांगितलं. डॉक्टरीण काय म्हणाली विचारल्यावर म्हटलं, "नस दबलीय म्हणे. व्यायाम दिलाय." "कशाने दबली?" "वयाने." हे म्हणाले, "वयाला दुसरा धंदाच नाही." दुसऱ्या सकाळी स्टूल पुढे आलं, मी पाय पुढे केला. वरचं बक्कल, मग खालचं, तिसरं भोक. मग वाचनालयात जाते म्हणून मी बाहेर पडले, जिन्याच्या पहिल्या वळणावर पायरीवर बसले, पट्टा सोडून पिशवीत घातला. या वयात नवऱ्याला चोरून जिन्यावर बसायची वेळ आली म्हणून मला हसूही आलं. वरच्या मजल्यावरच्या बाईने एकदा पाहिलं आणि विचारलं, "काय हो, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "छान वाटतंय." खरंच वाटत होतं. पट्टा सुटला की नडगीवरून गार पाणी उतरल्यासारखं वाटायचं. दोन तासांनी परत येताना त्याच पायरीवर बसून तो पुन्हा सैलसर चढवायचा, आणि दुपारी वामकुक्षीच्या निमित्ताने सोडायचा. म्हणजे एवढं करूनही दिवसाचे पाच-सहा तास तो पायावरच. डॉक्टरणीने आजपासून बंद म्हटलं होतं. मी हिशेब करायचे, पाच तासांत किती नस मरत असेल. मग स्वतःलाच सांगायचे, अजून एक दिवस. एक्स्चेंजमध्ये वाईट बातमीचा फोन जोडताना माझा हात असाच अर्धा क्षण थांबायचा. तेवढा अर्धा क्षण त्या माणसाला सुखाचा मिळावा म्हणून. इथे मी आठ दिवस दोरी हातात धरून बसले होते.

नवव्या दिवशी स्टूल पुढे आलं. मी पाय पुढे केला, पेपर उघडला. यांनी पट्टा हातात घेतला आणि बांधला नाही. अंगठ्याने भोकांवरून चाचपत राहिले, एकदा, दोनदा. "आठ दिवस मी तिसऱ्या भोकात घालतो," हे म्हणाले, "आणि दुपारी पट्टा पहिल्या भोकातून सुटतो." मी बातमी वाचत राहिले. "ऐकतेयस ना? पहिल्या भोकाची कड नव्याने दबलीय. मी काय आंधळा आहे?"

"थोडे आहात."

"बोटं आंधळी नाहीत माझी. का सोडतेस? रुततोय?"

पेपर घडी करायला मी जेवढा वेळ लावता येईल तेवढा लावला. मग सगळं सांगितलं. चहा, टकटक, पडद्यावरच्या रेघा. तीन महिने सांगितले. यांनी मान वर केली नाही. "कुठे?" एवढंच म्हणाले. मी यांचं बोट धरून त्या उंचवट्यावर ठेवलं. यांनी दाबलं आणि माझा पाय उडाला, स्टूल हललं. यांनी हात असा मागे घेतला जसा काही झटका त्यांनाच बसला होता. मग पट्टा उलटा करून आतून चाचपला. खालच्या पट्टीच्या आत, बरोबर त्या जागी, बक्कल जोडलेलं होतं, तिथे कातडं दुहेरी होतं. तेवढीच एक जागा कठीण. "मला ठाऊक होतं ही जागा कठीण आहे," हे म्हणाले. "म्हणून इथे जादा नमदा घातला. दोन थर. रुतू नये म्हणून." बोट त्या फुगवट्यावरून फिरत होतं. "नमद्याने उंची वाढली. मऊ केलं आणि दाबत नेलं." मग पट्टा टेबलावर ठेवून हे खिडकीकडे तोंड करून बसले.

दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी लेकीचा फोन आला, तिला मी सांगितलं, ती म्हणाली, "आई, आठ दिवस? तू लहान आहेस का?" मग म्हणाली, "बाबांना दे." यांनी हाताने नको म्हटलं. मला यांच्या रागाची भीती नव्हती, राग आला असता तर बरं झालं असतं. घरभर आवाज झाला असता आणि आम्ही भांडून मोकळे झालो असतो. मला भीती होती ती उद्या सकाळची. चहा होईल, आणि स्टूल भिंतीलाच राहील, आणि ती चार मिनिटं घरातून कायमची निघून जातील. पन्नास वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांना लाडाने फार काही म्हटलेलं नाही. जे होतं ते बक्कलातून, फितीतून, मान दाखवा-मधून. ते काढून घेतल्यावर दोन म्हातारी माणसं उरतात, एक खिडकीशी आणि एक सतरंजीत पाय अडकवून.

सकाळी चहा झाला. मी कप उचलायला उठत होते. "बस," हे म्हणाले. "तो व्यायाम काय दिलाय?" मी म्हटलं, "करते मी माझा." "विचारलं काय, सांगतेस काय." मी सांगितलं. कुणीतरी पावलावर हात ठेवायचा, आणि मी पाऊल आणि अंगठा वर उचलायचा प्रयत्न करायचा. वीस वेळा. उचललं गेलं नाही तरी उचलायचं. "उचललं गेलं नाही तरी?" "म्हणजे निरोप पाठवत राहायचा. नस मोकळी झाली की कधीतरी पोहोचेल." यांनी स्टूल पुढे ओढलं, बसले, माझी टाच मांडीवर घेतली आणि थरथरता हात पावलावर ठेवला. "पाठव."

तेव्हापासून रोज वीस. हे मोठ्याने मोजायचे, मी मध्येच बातमी वाचायचे, मग यांचा आकडा चुकायचा आणि आम्ही पुन्हा दहापासून सुरू करायचो. "लबाडी करू नको, अकरा झाले नव्हते." "तुम्हीच म्हणालात अकरा." "मी बातमीतला आकडा म्हणालो." पट्टा टेबलावर हत्यारांशेजारी पडून होता. यांनी तो कापला नाही, फेकला नाही, तेल मात्र दिलं. पायाची आग पहिल्या महिन्यात उतरली. पण पाऊल तसंच होतं, दुसरा महिना गेला तरी तसंच. डॉक्टरणीने पुन्हा तपासलं आणि ऑपरेशनची तारीख पेन्सिलीने लिहिली. पेन्सिलीने का, विचारलं तर म्हणाली, "खोडता यावी म्हणून." घरी आल्यावर हे म्हणाले, "पेन्सिलीने म्हणाली ना? मग ठीक."

आणि काल. काल साधीच सकाळ होती, चहात साखर जास्त झाली होती त्यावरून बोलणं झालं होतं. टाच मांडीवर, हात पावलावर. मी चौदावा निरोप पाठवला, आणि मोजणं थांबलं. मला वाटलं आकडा विसरले. "चौदा," मी म्हटलं.

"हलला," हे म्हणाले.

"कोण?"

"अंगठा."

मी पावलाकडे बघत होते, मला काही दिसलं नव्हतं, आणि कळायला तर तिथे अजून काहीच कळत नाही. "तुमचाच हात थरथरला असेल."

"माझं थरथरणं मला पाठ आहे," हे म्हणाले. "ते बाजूला जातं. हे खालून वर आलं." यांनी दुसरा हातही आणला, माझ्या अंगठ्याभोवती दोन्ही हात धरले, आणि डोळे मिटून घेतले, कारण बारीक काम हे आता डोळे मिटूनच करतात. "पुन्हा पाठव."

मी पेपर खाली ठेवला. गुडघ्यापासून, वळशावरून, नडगीवरून मी सावकाश निरोप खाली सोडला, आणि पलीकडे कुणी उचलतंय का याची वाट बघत बसले. समोर यांचा चेहरा होता. तिथे कळणार होतं.